बॅटरीवरील आयओटी उपकरणांचे दुरून व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्या, महापे-रबाळे पट्ट्यातील कारखाने आणि तुर्भ्याची शीतगृहे यांच्यासाठी आम्ही बॅटरीवर चालणारे पाणीमीटर, टाकीतील पातळीमापक आणि तापमाननोंदक अशी इंटरनेटला जोडलेली (आयओटी) उपकरणे बसवतो व त्यांची देखभाल करतो. सोसायट्यांचे पदाधिकारी, देखभाल अभियंते आणि या क्षेत्रात नव्याने आलेले प्रोग्रामर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उपकरण दिवसातून काही सेकंदच जागे असते, म्हणून त्याच्याशी करायचा सगळा व्यवहार त्या काही सेकंदांत बसवावा लागतो. खालील बहुतेक उत्तरे या एकाच अडचणीतून निघतात.

वाचन मिळत असताना वेगळ्या व्यवस्थापनाची गरज काय?

मीटरचा आकडा सर्व्हरवर येणे हा कामाचा अर्धाच भाग आहे. उपकरण जिवंत आहे की नाही, त्याची बॅटरी किती उरली, त्यात फर्मवेअरची, म्हणजे आतील प्रोग्रामची, कोणती आवृत्ती आहे, ते किती वेळाने आकडा पाठवते आणि त्याची गुप्त की शेवटची कधी बदलली, हे कार्यालयात बसून कळणे आणि बदलता येणे म्हणजे व्यवस्थापन होय. ही सोय नसेल तर एक साधी वेळ बदलण्यासाठीही माणसाला घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायटीत जाऊन, चेंबरचे झाकण उचलून, लॅपटॉप जोडावा लागतो. अशा दोन-तीन फेऱ्यांतच उपकरणाच्या किमतीइतका खर्च होतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

सर्व्हरवरून आज्ञा दिली, तरी उपकरण ताबडतोब का ऐकत नाही?

कारण त्या वेळी त्याचा रेडिओ बंद असतो, आणि तो बंद असतो म्हणूनच बॅटरी अनेक वर्षे टिकते.

एनबी-आयओटी या, कमी विजेच्या उपकरणांसाठीच्या मोबाइल जाळ्यात पीएसएम नावाची सोय आहे. उपकरण जाळ्यातील आपली नोंदणी कायम ठेवून पूर्ण झोपी जाते, आणि त्या काळात मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यालाही ते गाठता येत नाही. मानकानुसार ही झोप जास्तीत जास्त सुमारे ४१३ दिवसांची असू शकते, मात्र प्रत्यक्ष मर्यादा त्या त्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर ठरते. ईडीआरएक्स ही तुलनेने हलकी झोप आहे. तीत उपकरण ठरावीक अंतराने डोके वर काढून आपल्यासाठी काही निरोप आहे का ते पाहते, आणि एनबी-आयओटीत हे अंतर जवळपास तीन तासांपर्यंत वाढवता येते. लोरावॅन या, कमी विजेवर दूरवर पोहोचणाऱ्या रेडिओ जाळ्यातील ‘अ’ वर्गाचे उपकरण तर स्वतः काही पाठवल्यानंतरच दोन छोट्या खिडक्या उघडते. सर्वसाधारण मांडणीत पहिली खिडकी एका सेकंदाने आणि दुसरी दोन सेकंदांनी उघडते. त्या दोन्ही चुकल्या की सर्व्हरला पुढच्या संदेशापर्यंत थांबावे लागते.

यात आणखी एक अडथळा असतो, जो नव्या प्रोग्रामरांच्या लक्षात बहुधा उशिरा येतो. मोबाइल जाळ्यातील उपकरणाला सहसा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो आणि मधल्या नॅट (अनेक उपकरणांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या) यंत्रणेने जपलेली पत्त्यांची जोडणी शांततेच्या काही मिनिटांत विसरली जाते. त्यामुळे सर्व्हरने काल ज्या पत्त्यावर उत्तर पाठवले, तो पत्ता आज त्या उपकरणाचा असेलच असे नाही. बोलणे नेहमी उपकरणानेच सुरू करावे आणि सर्व्हरने आपले म्हणणे तोवर तयार ठेवावे, ही पद्धत म्हणूनच रूढ झाली आहे.

ज्या कामात विलंब चालतच नाही, उदाहरणार्थ पंप बंद करणे किंवा व्हॉल्व्ह फिरवणे, तेथे आम्ही बॅटरीचे उपकरण सुचवत नाही. पंप रूममध्ये वीज असतेच. तेथे सतत ऐकणारे, लोरावॅनच्या भाषेत ‘क’ वर्गाचे, उपकरण बसवावे.

मग उपकरण जागे होईपर्यंत आज्ञांची रांग लावून ठेवायची का?

रांग लावण्यापेक्षा अपेक्षित स्थिती नोंदवून ठेवावी, असे आमचे ठाम मत आहे. समजा, सोमवारी कोणी वाचनाचे अंतर एक तास केले, मंगळवारी ते सहा तास केले आणि बुधवारी पुन्हा बारा तास केले. उपकरण गुरुवारी जागे झाले, तर त्याला तिन्ही आज्ञा एकामागून एक ऐकवण्यात बॅटरी वाया जाते. सर्व्हरवर ‘हवी असलेली स्थिती’ आणि ‘उपकरणाने कळवलेली स्थिती’ असे दोन रकाने असावेत, दोहोंतील फरक तेवढा पाठवावा आणि उपकरणाने तो अमलात आणल्याचे कळवले की दुसरा रकाना बदलावा.

ज्या आज्ञा खरोखरच एकदाच करायच्या असतात, जसे उपकरण पुन्हा सुरू करणे, त्यांना मुदत जोडावी. तीन दिवसांपूर्वी रागाने दिलेली ‘पुन्हा सुरू हो’ ही आज्ञा आज, सर्व काही सुरळीत चाललेले असताना, अमलात येऊ नये. एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या नियमावलीच्या २०१९ सालच्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला अशी मुदत देण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच आली आहे.

एमक्यूटीटी वापरावे, की कोॲप आणि लाइटवेट एमटूएम?

एमक्यूटीटीचा जन्म १९९९ साली झाला. तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहामार्फत कमी खर्चात आणण्यासाठी अर्लेन निपर आणि आयबीएमचे अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क यांनी ते तयार केले. ते सुटसुटीत आहे आणि बहुतेक क्लाउड सेवा ते समजतात. पण ते टीसीपीवर, म्हणजे आधी जोडणी उभारून मगच बोलण्याच्या पद्धतीवर, चालते, त्यामुळे दर वेळी जोडणी उभारणे आणि तिच्यावर टीएलएस या सुरक्षा पद्धतीची ओळखपरेड करणे, एवढ्यातच मूळ दहा-वीस बाइटच्या आकड्याच्या कितीतरी पट डेटा जातो. विजेवर चालणाऱ्या गेटवेसाठी, म्हणजे अनेक उपकरणांचे संदेश गोळा करून सर्व्हरकडे नेणाऱ्या यंत्रासाठी, आम्ही एमक्यूटीटी आनंदाने वापरतो.

कोॲप हे छोट्या उपकरणांसाठीचे प्रोटोकॉल २०१४ साली आरएफसी ७२५२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने मानक झाले. ते यूडीपीवर, म्हणजे आधी जोडणी न उभारता, चालते आणि त्याचे ठरीव शीर्ष (हेडर) अवघ्या ४ बाइटचे असते. लाइटवेट एमटूएम हे ओपन मोबाइल अलायन्सचे व्यवस्थापन-मानक त्याच्यावर उभे आहे आणि त्याची पहिली आवृत्ती २०१७ साली आली. त्याची खरी किंमत त्यातील ठरलेल्या क्रमांकांत आहे. ३ क्रमांकाची वस्तू म्हणजे उपकरण, ४ म्हणजे जोडणीची स्थिती, ५ म्हणजे फर्मवेअर बदल. कोणत्याही उत्पादकाच्या उपकरणाला ३/०/९ विचारले, आणि त्याने ती नोंद पुरवलेली असली, तर बॅटरीची पातळी मिळते. ज्या सोसायटीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे मीटर आहेत, तेथे या एकसारखेपणामुळे किती कटकट वाचते, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच कळेल.

लाइटवेट एमटूएममधील दोन सोयी आवर्जून वापराव्यात. पहिली म्हणजे क्यू मोड. उपकरण झोपेत असताना सर्व्हर आपल्या विनंत्या थोपवून धरतो आणि उपकरणाने नोंदणी ताजी केली की त्या पाठवतो. दुसरी म्हणजे निरीक्षणाच्या अटी. सर्व्हर उपकरणाला एकदाच सांगतो की पातळी अमुक टक्क्यांखाली गेली किंवा अमुक इतकी बदलली तरच कळव, आणि एरवी दिवसातून एकदा हजेरी दे. आपल्याकडे अनेक सोसायट्यांत पाणी ठरावीक तासांतच येते. टाकीची पातळी त्या तासांत झपाट्याने बदलते आणि उरलेल्या वेळी सावकाश उतरते, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवण्यापेक्षा ही अटींची पद्धत फार काटकसरीची ठरते.

विक्रेता म्हणतो बॅटरी दहा वर्षे टिकेल. हे खरे मानावे का?

दिवसातून किती वेळा आणि कोणत्या सिग्नलवर, हे विचारल्याशिवाय मानू नये. गणित साधे आहे आणि ते प्रत्येक पदाधिकाऱ्याने स्वतः करून पाहावे.

समजा, उपकरण झोपेत ५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते. वर्षाचे ८,७६० तास धरले तर झोपेचा खर्च सुमारे ४४ मिलीअँपिअर-तास होतो. एनबी-आयओटीवर एकदा बोलायला १० सेकंद लागतात आणि त्या काळात सरासरी ६० मिलीअँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर एका संभाषणाला सुमारे ०.१७ मिलीअँपिअर-तास खर्ची पडतात. दिवसातून एकदा बोलल्यास वर्षाला ६१. म्हणजे एकूण १०५. एए आकाराच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलची क्षमता सुमारे २,४०० मिलीअँपिअर-तास असते, म्हणजे कागदावर २० वर्षांहून अधिक आयुष्य दिसते. आता तेच उपकरण दर तासाला बोलू लागले की वर्षाचा खर्च १,५०० वर जातो आणि तोच सेल सुमारे दीड वर्षात संपतो. तिसरी शक्यता अशी की दिवसातून एकदाच बोलायचे आहे, पण मीटर दोन मजली तळघरात आहे आणि सिग्नल इतका क्षीण आहे की एका संभाषणाला ४० सेकंद लागतात. मग आयुष्य आठ वर्षांच्या आसपास येते.

या आकड्यांतून स्वयंविसर्जन (न वापरताही सेल आपोआप उतरणे), उष्णता आणि अचानक लागणाऱ्या मोठ्या प्रवाहामुळे होणारी घट वजा करायची असते. आम्ही कागदावरच्या आयुष्याचा अर्धाच भाग करारात लिहितो.

डॅशबोर्डवर बॅटरी अनेक महिने जवळपास भरलेली दिसत होती आणि मग एकाच आठवड्यात उपकरण बंद पडले. असे कसे होते?

लिथियम थायोनिल क्लोराइड सेलचा व्होल्टेज आयुष्यभर ३.६ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहतो आणि अगदी शेवटी घसरतो. म्हणून व्होल्टेजवरून काढलेली टक्केवारी या सेलच्या बाबतीत फसवी असते. झोपेचे तास, संभाषणांची संख्या आणि प्रत्येक संभाषणाचा कालावधी उपकरणानेच मोजत राहावा आणि खर्च झालेला भार बेरजेने काढावा. ही बेरीज कायमस्वरूपी मेमरीत ठेवावी, म्हणजे उपकरण पुन्हा सुरू झाले तरी ती शून्यावर जात नाही.

याच सेलचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवावा. तो बराच काळ पडून राहिला की आतील लिथियमवर एक पातळ थर धरतो आणि रेडिओने एकदम प्रवाह मागितला की क्षणभर व्होल्टेज कोसळतो. गोदामात वर्षभर ठेवलेली उपकरणे पहिल्या दिवशी ‘मेलेली’ वाटतात ती पुष्कळदा यामुळे. सेलला जोडून योग्य कपॅसिटर दिल्यास हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

ठाणे-नवी मुंबईसाठी लोरावॅन चांगले की एनबी-आयओटी?

एकाच आवारात शंभर-दोनशे मीटर असतील आणि गच्चीवर गेटवे बसवण्याची परवानगी असेल, तर लोरावॅन. मीटर शहरभर विखुरलेले असतील, तर एनबी-आयओटी.

लोरावॅनसाठी भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरला जातो. युरोप किंवा अमेरिकेच्या आराखड्यावर चालणारे उपकरण स्वस्तात मिळाले तरी ते घेऊ नये, आयएन८६५ या भारतासाठीच्या आराखड्याचेच घ्यावे. पारसिकची डोंगररांग मध्ये असल्याने घणसोलीच्या इमारतीवरील गेटवेकडून मुंब्र्यातील मीटर ऐकण्याची अपेक्षा करू नये. तसेच नेहमीच्या गेटवेला एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे जमत नाही, म्हणजे तो एका उपकरणाला पोच देत असताना बाकीच्यांचे बोलणे त्याच्या कानी पडत नाही. प्रत्येक आकड्याला पोच मागण्याची हौस म्हणूनच टाळावी. रोजच्या वाचनातील एखादे हरवले तर दुसऱ्या दिवशीचा एकूण आकडा ते भरून काढतो.

पावसाळ्यात उपकरणे गप्प का होतात?

चेंबरमध्ये पाणी भरते आणि अँटेना पाण्याखाली जाते, हे पहिले कारण. ओतीव लोखंडाचे झाकण आधीच सिग्नल अडवत असते, त्यात पाण्याची भर पडली की काहीच बाहेर जात नाही.

पण गप्प होण्याच्या आधीची अवस्था अधिक महाग असते. लोरावॅनचे उपकरण उत्तर मिळेनासे झाले की हळूहळू अधिक सावकाश आणि अधिक दूर पोहोचणाऱ्या वेगाकडे सरकते. दहा बाइटचा एक संदेश सर्वांत जलद वेगावर सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो, आणि तोच एसएफ१२ या सर्वांत सावकाश वेगावर जवळपास दीड सेकंद हवेत राहतो. म्हणजे चोवीसपट खर्च. आकडा रोज येत असतो, डॅशबोर्ड हिरवा असतो आणि आत बॅटरी ओसरत असते. यासाठी आम्ही प्रत्येक संदेशाचा वेग आणि सिग्नलची ताकद नोंदवतो, आणि जूनमध्ये एखाद्या उपकरणाचा वेग उतरलेला दिसला की सोसायटीला चेंबर उपसायला सांगतो.

पेटीवर आयपी६७ लिहिलेले असले तरी ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, तीन महिने बुडून राहण्याची नव्हे. सर्किटवर रेझिन भरलेलेच उपकरण चेंबरसाठी घ्यावे. खाडीलगतच्या भागात खाऱ्या दमट हवेने अँटेनाचे जोड हिरवे पडतात, त्यांनाही आवरण द्यावे.

फर्मवेअर दुरून बदलणे धोक्याचे नाही का?

धोक्याचे आहे, आणि तरीही ते अटळ आहे, कारण दहा वर्षे चालणाऱ्या उपकरणात दहा वर्षांत एकही चूक सापडणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

आमच्याच हातून झालेली एक चूक येथे सांगणे कर्तव्य समजतो. नवी आवृत्ती महापे येथील कार्यालयात नीट चालली, म्हणून आम्ही ती एका संकुलातील सर्व मीटरना एकाच रात्री पाठवली. नव्या आवृत्तीने ठरलेल्या वेळेत सर्व्हरशी बोलून दाखवले नाही तर जुनीवर परत जावे, अशी सोयही केली होती. मात्र ती वेळ आम्ही कार्यालयातल्या उत्तम सिग्नलवर मोजली होती. तळघरातील मीटरना जाळ्यात नोंदणी व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागत होता. ते जुन्या आवृत्तीवर परतले, त्यांनी नवी पुन्हा उतरवून घेतली, पुन्हा परतले, आणि हे चक्र लक्षात येईपर्यंत अनेक सेल अर्धे झाले. आम्ही ते स्वखर्चाने बदलून दिले.

तेव्हापासून काही गोष्टी आम्ही सोडत नाही. मेमरीत दोन स्वतंत्र कप्पे असावेत आणि नव्या आवृत्तीने सर्व्हरशी प्रत्यक्ष बोलणे केल्यावरच ती कायम व्हावी. खुल्या स्रोताचे एमसीयूबूट हे बूटलोडर (उपकरण सुरू होताना प्रथम चालणारा प्रोग्राम) हे काम चोख करते आणि डिजिटल स्वाक्षरीही तपासते. एखादी आवृत्ती एका उपकरणावर दोनदा नापास झाली की त्या उपकरणाने ती तिसऱ्यांदा मागू नये. आवृत्ती आधी मोजक्या मीटरना द्यावी, त्यांत सर्वांत वाईट सिग्नलचे मीटर मुद्दाम निवडावेत, आठवडाभर थांबावे आणि मगच पुढे जावे.

बदलाचा आकारही महत्त्वाचा असतो. २०० किलोबाइटची फाइल सेकंदाला २० किलोबिट या वेगाने सुमारे ८० सेकंदांत उतरते, म्हणजे वरच्या हिशोबाने आठ दिवसांच्या हजेरीइतका खर्च होतो. वेग १ किलोबिटवर घसरला तर तीच फाइल २६-२७ मिनिटे घेते आणि १६० दिवसांची हजेरी खाते. म्हणून संपूर्ण फाइल न पाठवता जुनी आणि नवी यांतील फरकच पाठवावा, बॅटरी व सिग्नल ठरावीक पातळीखाली असल्यास उपकरणाने नकार द्यावा आणि तुटलेले डाउनलोड जेथे तुटले तेथूनच पुढे सुरू व्हावे. लोरावॅनवर सर्वांत सावकाश वेगात एका संदेशात ५१ बाइटच मावतात, त्यामुळे हीच फाइल चार हजारांवर तुकड्यांत जाते. तेथे प्रत्येक उपकरणाला वेगळे न पाठवता ठरलेल्या वेळी सर्वांना एकत्र ऐकवण्याची मल्टिकास्ट पद्धत वापरावी.

सर्व उपकरणांनी मध्यरात्री बारा वाजता आकडा पाठवला तर हिशोब सोपा नाही का होणार?

आकडा बाराचाच घ्यावा, पण पाठवण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी असावी. सर्व एकदम बोलू लागले तर संदेश एकमेकांवर आदळतात, पुन्हा पाठवावे लागतात आणि बॅटरी जाते. उपकरणाच्या क्रमांकावरून काढलेला काही मिनिटांचा उशीर प्रत्येकाला द्यावा. घड्याळही अधूनमधून जुळवावे, कारण साध्या २० पीपीएम (दहा लाखांत वीस इतके चुकणाऱ्या) स्फटिकाचे घड्याळ वर्षात दहा मिनिटांपर्यंत सरकू शकते.

उपकरण बंद पडले आहे की नुसते झोपले आहे, हे कसे ओळखावे?

एक हजेरी चुकली तर काही करू नये. सलग तीन चुकल्या तर चौकशी करावी. एकाच इमारतीतील अनेक उपकरणे एकदम गप्प झाली, तर आधी गेटवेची वीज पाहावी, बहुधा वॉचमनने चार्जर लावण्यासाठी प्लग काढलेला असतो.

इतक्या छोट्या उपकरणाला सुरक्षेची काय गरज?

२०१६ साली मिराई या घातक प्रणालीने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले केले. त्यातील प्रत्येक उपकरण छोटेच होते.

प्रत्येक उपकरणाची गुप्त की वेगळी असावी, म्हणजे एक मीटर चोरीला गेला तरी बाकीचे सुरक्षित राहतात. कोॲपसाठी डीटीएलएस, म्हणजे यूडीपीवरचे टीएलएस, वापरावे. झोपेतून उठल्यावर आयपी पत्ता बदललेला असला की पूर्वी पुन्हा सगळी ओळखपरेड करावी लागे. २०२२ सालच्या आरएफसी ९१४६ मधील कनेक्शन आयडीमुळे जुनीच जोडणी पुढे चालू ठेवता येते, आणि झोपाळू उपकरणांसाठी याहून उपयोगी सुधारणा आम्हाला क्वचितच दिसली आहे. सिम त्या उपकरणाच्या आयएमईआयशीच बांधलेले असावे.

या सिमचा क्रमांक तेरा अंकी का असतो?

यंत्रांमधील संवादासाठीच्या सिमना दूरसंचार विभागाने २०१८ पासून १३ अंकी क्रमांक देण्याचे ठरवले. आपल्या नेहमीच्या दहा अंकी क्रमांकांशी त्याचा संबंध नाही.

उपकरणाचे आयुष्य संपल्यावर काय करावे?

प्रथम सर्व्हरवर त्याची नोंदणी आणि गुप्त की रद्द करावी, मग सिम बंद करून घ्यावे, आणि त्यानंतरच ते चेंबरमधून काढावे. हा क्रम उलटा झाला तर भंगारात गेलेले सिम महिनोन्‌महिने बिल वाढवत राहते.

लिथियम थायोनिल क्लोराइड सेल पुन्हा चार्ज करू नये, कापू नये, तापवू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे त्या भंगारवाल्याकडे न देता आमच्याकडे द्याव्यात. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो कोरड्या डब्यात ठेवावा आणि डब्यावर मीटरचा क्रमांक लिहावा. पुढच्या फेरीला आमचा माणूस तो घेऊन जातो आणि सोसायटीला पोच देतो.